कतीफची काकवी

हुसेनमियाँनी श्यामकांतला पहिल्यांदा पाहिलं ते खालून, आणि तेही शत्रूचा छत्रीधारी सैनिक म्हणून. १९९१चा जानेवारी चालू होता, आखातात युद्धाला तोंड फुटलं होतं आणि रेडिओ ऐकून ऐकून मियाँना न्याहारीच्या अंड्यातही स्कड क्षेपणास्त्र दिसायला लागलं होतं. अशा दिवसांत, ते राखत असलेल्या सौदीतल्या कतीफच्या खजुराच्या बागेत, विहिरीजवळच्या म्हाताऱ्या झाडाच्या शेंड्याला त्यांना दोन काळे तळवे लटकताना दिसले. मियाँनी त्या दिवशी ही हकीकत सांगितली तेव्हा तळव्यांच्या मालकाकडे एक कोयती होती. आठवड्याभरात कोयतीची बंदूक झाली. पुढे मियाँ सुटीवर श्रीवर्धनला गेले तेव्हा बायकोसमोर, म्हणजे शरफुन्निसासमोर, झाडावर तिघे जण होते आणि मियाँनी एकट्यानं त्यांना हात वर करायला लावले होते.

खरा प्रकार असा, की मियाँनी आधी अरबीत दम दिला, मग हिंदीत दिला, आणि दोन्ही भाषा संपल्यावर खाली बसकण मारून ओरडले, "या अल्ला, मेलो रे मेलो!"

वरून निवांत आवाज आला, "मरताय कशाला चाचा? आणि कोकणातले कुठले तुम्ही?"

"श्रीवर्धन," मियाँ सवयीनं म्हणाले आणि मग भडकले, "मेल्या, आधी खाली उतर! कोकण कसं ओळखलंस?"

"मरताना माणूस गावचंच बोलतो."

श्यामकांत गुहागरकडचा भंडारी. बापजाद्यांचा धंदा माडावर चढून माडी काढायचा. तो स्वतः कुवेतमध्ये एका बंगल्याची बाग सांभाळत होता. ऑगस्टात इराकी रणगाडे शिरले, मालक एका दिशेला पळाला आणि हा मालकाच्या मेहुण्याच्या गाडीत बसून अल खफजीमार्गे सौदीत आला. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत राहिला, कोयती मात्र बरोबर आली. आता कतीफच्या कफीलानं, म्हणजे मियाँच्या अरब मालकानं, त्याला वाळकी पानं तोडायला तात्पुरतं ठेवलं होतं. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नाही तर या देशात माणूसच नाही. कफीलानं आपल्या नावावर घेतलं तरच श्यामकांत राहणार, नाहीतर रिकाम्या हातानं गुहागर.

पण खजुरावर चढणारे कतीफमध्ये घरोघरी होते. म्हणून कफील बागेत आला तेव्हा श्यामकांतनं सरळ छाती पुढे काढली. नम्रपणा हा त्याच्या घराण्यात कुणाला झालेला आजार नव्हता. विहिरीजवळचं झाड म्हातारं झालं होतं, फळ धरत नव्हतं, ते तोडायचं ठरलं होतं. त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "चाचा, यांना सांगा, या थेरड्यातनं मी गोड रस काढून दाखवतो. खजूर विसरतील."

मियाँचं अरबी पाणी, खत आणि खलास यांपलीकडे फारसं गेलेलं नव्हतं. त्यांनी झाडाकडे, मडक्याकडे आणि तोंडाकडे आळीपाळीनं हात करून अर्थ पोचवला. कफीलाचा चेहरा खुलला.

"शराब?" त्यानं आनंदानं विचारलं.

मियाँच्या पायांखालची वाळू सरकली. पाच वेळचे नमाजी ते, आणि देश कुठला! त्यांनी कानांच्या पाळ्या धरल्या. "ला, ला! हराम! शेखसाहेब, तौबा!"

कफील बुचकळ्यात पडला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो पोट धरून हसत घरात गेला. परत आला तो नातवाच्या खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन. मदरशात शिकलेल्या मियाँनी लेबलावरची अक्षरं जुळवली. लालभडक औषधाखाली छापलं होतं, शराब. अरबीत कुठलंही पेय शराब, सरबतही शराब, खोकल्याचं औषधही शराब!

"चाचा, रोज दोन चमचे घेत जा," श्यामकांत म्हणाला, "म्हणजे अरबी सुधारेल."

हसून झाल्यावर कफील मात्र गंभीर झाला. रस गोड राहिला तर झाड उभं राहील आणि इकामाही होईल. आंबला, तर ती दुसरी शराब. मग श्यामकांत परत, आणि हुसेन जामीन.

आणि खजुराचा रस आंबायला निमित्तच शोधत असतो. श्यामकांत शेंड्याखालची साल एका बाजूनं तासायचा, कोवळ्या गाभ्यावर पातळ काप द्यायचा, नळकांडं खोचून मडकं बांधायचा. मडक्याला आतून चुना, म्हणजे रस आंबत नाही. कतीफमधला मलबारी पानवाला इतका चुना जातोय म्हणून चकित झाला होता. पहाटे मडकं उतरवायचं, ऊन चढायच्या आत कढई चुलीवर, आणि मग ढवळत राहायचं, ढवळतच राहायचं. मडकंभर रसाची वाटीभर काकवी व्हायची.

ती काकवी कफीलापर्यंत कधीच पोचली नाही. तो क्षेपणास्त्रांना भिऊन लेकीकडे रियाधला गेला होता (तिथेही ती पडत होती, हे त्याला तिथे गेल्यावर कळलं). इकडे जामीन म्हणून मियाँ रोज चव पाहायचे. आंबली नाही ना, याची खात्री करायला सकाळी एक भाकरी लागायची, दुपारी एक.

"चाचा, तुम्ही जामीन की जावई?"

"मुकाट्यानं ढवळ. जबाबदारी माझी आहे."

फेब्रुवारी सरत आला. ऊन तापलं, हंगाम संपला, झाडाचा रस पातळ होऊन लवकर फिरायला लागला. तेवढ्यात कफीलाचा फोन आला: परत येतोय, उद्या सकाळी चव घेणार. घरात काकवीचा थेंब नव्हता. झाडावर एक शेवटचं मडकं होतं.

सकाळी कढईत रस रटरटत असतानाच हल्ल्याचा भोंगा वाजला. मियाँ चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत धावले, विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चढवला आणि खिडकीतून पाहिलं. श्यामकांत चुलीपाशी ढवळत उभा होता. बिनकागदाच्या माणसाला मुखवटा कोण देणार?

मियाँ बाहेर धावले. मुखवट्यातून त्यांचा आवाज हंड्यातून आल्यासारखा येत होता. "आत चल! मरशील!"

"आत्ता हात काढला तर करपेल. उतरवून ठेवली तर फिरेल. तुम्ही जा चाचा."

मियाँ गेले नाहीत. त्यांनी मुखवटा काढला, श्यामकांतच्या तोंडावर कोंबला आणि स्वतःच्या नाकाला ओला गमछा बांधला. थोड्या वेळानं श्यामकांतनं मुखवटा परत त्यांच्या डोक्यावर बसवला. "याच्यातनं वास येत नाही. काकवीचा वास आला नाही तर कळणार कसं?" आकाशात लांब कुठेतरी धडाम झालं. दोघांनी एकदम कढईवर वाकून आधी पाहिलं, की तिच्यात माती पडली नाही ना.

गावात कोकणी माणसाच्या शौर्यावर भाषणं होतात तेव्हा हुसेनमियाँना ती कढई आठवते. हे मात्र ते वाढवून सांगत नाहीत. त्यात वाढवायला जागाच नाही.

कफील आला. काळीभोर, हंगामाच्या शेवटची काकवी त्यानं बोटानं चाटली. डोळे मिटले. परत चाटली. "शराब," तो मियाँकडे पाहून म्हणाला. या वेळी मियाँनी कान धरले नाहीत.

इकामा झाला. कफीलाकडे जागा फक्त ड्रायव्हरची शिल्लक होती, म्हणून इकाम्यावर तीच लिहिली. श्यामकांत गाडी शिकला आणि पुढे निवृत्त होईपर्यंत पाण्याचा टँकर चालवत राहिला. झाड त्याच उन्हाळ्यात वाळलं.