जुन्या रस्त्यावर टेकलेली बोट

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सगळ्यात आधी हसणारा मी. आजही हसतो. त्यामुळे हे वाचून मला कुणी भाबडा समजू नये... पटलं नाही तर सोडून द्या.

नव्वदनंतरची गोष्ट. बीडमध्ये नुकती केबल आली होती आणि ज्याला त्याला नवा धंदा सुचत होता. माझा चुलत भाऊ अशोक याला बोटिंग सुचलं. पाली गावाजवळच्या धरणावर रविवारी फॅमिल्या येतात, त्यांना फिरवायचं. पुण्याहून त्याने एक जुनी फायबरची बोट आणली, दोन चाकांच्या ट्रॉलीवर, जीपमागे जोडून.

आदल्या उन्हाळ्यात याच पाण्यात माझा थोरला भाऊ, दादा, गेला होता. तो आणि अशोक ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं काढायला गेले, ट्यूब उलटली, अशोक एकटाच परत आला. "पार मधी बुडाला, मला दिसलाच न्हाई," एवढंच त्याने सांगितलं. मला ते कधीच पटलं नव्हतं.

बोट उतरवायला जागा बघत आम्ही सकाळपासून काठाने फिरत होतो — अशोक, मी आणि जीप चालवणारा सलीम मेकॅनिक. भिंतीच्या बाजूला नुसते दगड. शेतांकडे काळी माती, तिथे ट्रॉली रुतली ती निघता निघेना. सोयीची जागा एकच — धरणात गेलेला जुना डांबरी रस्ता, उतरत उतरत थेट पाण्यात जाणारा.

"अशोकशेठ, तयार उतार सोडून चिखलात काहून घालायलात गाडी?" सलीमने विचारलं.

"तिथं न्हाई," अशोक म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. दादा मध्ये बुडाला म्हणतोस, मग काठाला काय भ्यायचं? मी म्हणालो, "तिथंच लावायची. दादाच्या नावानं नारळ फोडू." सलीमसमोर नाही म्हणायला त्याला जागा उरली नाही.

चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, बोट पाण्यात सोडली. छान डुलत होती. आमच्याकडे नव्या गाडीत आधी मालक बसतो, म्हणून अशोक चढला... आणि बोट खर्रकन रस्त्याला टेकली. तो उतरला, तशी पुन्हा तरंगली.

मग मी, सलीम आणि बघायला आलेले दोन गुराखी असे चौघं बसलो. काही नाही, मजेत तरंगली. अशोक एकटा बसला की टेकायची. आत थेंबभर पाणी नव्हतं.

"पाणी कमी हाय," अशोक म्हणाला.

"आमी चौघं बसलतो की, शेठ," सलीम हळूच म्हणाला.

अशोक काठ घट्ट धरून बसून राहिला. बाजूच्या पाण्यात बघत, कुणी न विचारता बोलू लागला. "इथवर आलता तो. माझे पाय रस्त्याला लागलते. हात मागत होता... मला वाटलं, मलाबी ओढंल."

"मग?"

"सोडला बे हात."

त्याला तिथेच पाण्यात दाबावं असं मला वाटलं. सलीमने दंड धरला म्हणून थांबलो. खरं बोलला, आता तरी बोट उठेल, असं सलीमला वाटत होतं. उठली नाही.

एका इंजिनियर मित्राला सगळं सांगितलं. त्याने वजन, उतार, बरंच काही समजावलं, पण आम्ही चौघं कसे तरंगलो ते त्यात बसेना.

बोट मी विकू दिली नाही. दरवर्षी दादाच्या तिथीला सलीम आणि मी ती जुन्या रस्त्यावरून पाण्यात सोडतो. अशोक येतो, हात जोडतो, बोटीत बसून बघतो. बोट टेकते. तो रडतो... आणि मी घरी येऊन पोटभर जेवतो.