नूतन मॅडमचे सापळे

पारोळ्याच्या बाजारातल्या गिरधरशेटना नूतन मॅडमची काळजी वाटू लागली होती. विज्ञान शिकवणाऱ्या या बाईंनी दुकानातले उंदरांचे सगळे सापळे उचलले, वर म्हणाल्या, "आणखी मागवा."

"मॅडम, त्यापेक्षा घर बदला," शेट म्हणाले.

"घरात उंदीर नाहीत. मला अणू फोडून दाखवायचाय."

शेटनी घाईघाईने सापळे बांधून दिले.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मॅडमनी टेबलभर सापळे ताणून मांडले. प्रत्येकावर टेबल टेनिसचे दोन चेंडू. सापळा म्हणजे युरेनियमचं केंद्रक, चेंडू म्हणजे न्यूट्रॉन. न्यूट्रॉन आदळला की केंद्रकाचे दोन तुकडे होतात, ऊर्जा बाहेर पडते आणि सुटलेले दोन-तीन न्यूट्रॉन पुढची केंद्रकं फोडतात. पाहुण्यांनी फक्त एक चेंडू टाकायचा होता. मॅडमचं भाषण तोंडपाठ होतं.

पाहुणे होते संस्थेचे अध्यक्ष रुपचंदनाना. काही आवडलं की काठी टेबलावर आपटून "वा" म्हणायची त्यांची सवय मॅडमना ठाऊक नव्हती.

नानांना मांडणी आवडली.

चेंडू छताला जाऊन लागले. मुख्याध्यापक फळ्यामागे गेले, नानांची टोपी खाली पडली. मग सगळं शांत झालं.

"हाई काय व्हतं, बाई?" शाळेच्या शिपाई भिकुबाईंनी दारातून विचारलं.

"विखंडन," मॅडम पडलेल्या आवाजात म्हणाल्या. "एक फुटलं की त्यामागे सगळी फुटतात."

"मंग सूर्य बी असाच फुटस का?"

मॅडमचा चेहरा एकदम खुलला. पाठ केलेलं भाषण त्या विसरूनच गेल्या. "नाही भिकुबाई, तिथे उलटं. हायड्रोजनची केंद्रकं जुळून हेलियम होतं, ते संमीलन. त्यातूनच ऊन मिळतं. पण केंद्रकं एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणायला भयंकर उष्णता लागते, म्हणून इथे ते टिकवणं जड जातं."

"आमच्या संचालक मंडळासारखंच," नाना टोपी झटकत म्हणाले. "पुन्हा दाखवा."

या वेळी मॅडमनी सापळ्यांच्या मधल्या जागेत कापसाचे गोळे भरले. अणुभट्टीतल्या नियंत्रक कांड्या अशाच न्यूट्रॉन गिळतात, असं सांगून नानांची काठी आधी मुख्याध्यापकांकडे दिली. नानांनी चेंडू टाकला. दोन-तीन सापळे वाजले, उडालेले चेंडू कापसात रुतले आणि खेळ थांबला.

"एवढंच?" नाना हिरमुसले. "पहिलं बरं होतं."

आता साक्रीपर्यंतच्या शाळा मॅडमना बोलावतात. त्या कापसाचा प्रयोग आधी करतात; बिनकापसाचा झाल्यावर कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतं.