हुमणातला मासा आणि सुलभाबाई

सुलभाबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मीही लिहावं, असं समितीने कळवलं तेव्हा मी गोंधळले. तो गोंधळ हे लिहितानाही गेलेला नाही. बाईंनी डिचोलीच्या शाळेत सारी नोकरी क्रीडाशिक्षिका म्हणून केली. त्यांच्या हाताखाली धावपटू तयार झाले, कबड्डीपटू तयार झाले. मी त्यांतली कुणीच नव्हे. तुयेच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारी, पन्नाशीकडे झुकलेली बाई मी. मैदानाशी माझा संबंध कपडे वाळत घालण्यापुरता. तरी सांगितलं आहे तर लिहिते.

निवृत्तीनंतर बाईंनी धारगळला आपल्या घरालगतच्या रिकाम्या खोलीत बायकांसाठी व्यायामशाळा काढली. तिथे मी पहिल्यांदा गेले ती चप्पल काढावी की घालावी, याच विचारात दारात उभी राहिले. बाईंनी नाव विचारलं नाही, वजन विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "काय उचलूचा आसा तुका?"

"सासूक," मी म्हटलं.

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. बाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. हे ड्युटीवर होते. मी ओढून पाहिलं, काखेत हात घालून पाहिलं, पण त्या जागच्या हलेनात. शेवटी शेजारच्या विष्णूभाऊंना हाक मारली. ते देवमाणूस, धावत आले, उचलून खाटेवर ठेवलं, मान खाली घालून निघून गेले. पण ओल्या अंगाने, अर्धवट लुगड्यात परक्या पुरुषाने उचललं, हे सासूबाईंना फार लागलं. कितीतरी दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. पुन्हा अशी वेळ आली तर विष्णूभाऊंना बोलवायचं नाही, एवढंच माझं ध्येय होतं. दंड फुगवायचे नव्हते.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा साधी. आधी स्टुलावर बसून हात न टेकता उठायचं. मग पाण्याने भरलेली बालदी गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचलायची. लोखंडाला हात लावायची परवानगी पुष्कळ उशिरा मिळाली. घाई केली की बाई रागावत नसत, बालदीतलं पाणी कमी करत. ती शिक्षा होती की दया, हे मला आजवर कळलेलं नाही.

खरा घोळ खाण्याचा झाला. कारखान्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, भात सोड. मुलीने मोबाईलवर पाहून सांगितलं, दुधात पावडर घाल. मी डबा आणला, दोन कुलेरी, म्हणजे दोन चमचे, घातल्या, पोट बिघडलं. कुणी म्हणालं, सकाळची पोई, आमचा कोंड्याचा पाव, बंद कर, अंडी खा. सोमवारी अंडं चालत नाही, श्रावण तर पुढ्यात उभा. बाई म्हणाल्या, भातही खा, पोईही खा, वाराच्या दिवशी मूग-चवळी खा, पण ताटात बळ देणारं काहीतरी दिसू दे. मी सांगितलं, मी तर रोज मासे जेवते. मग बाईही गोंधळल्या. रोज मासे जेवणाऱ्या बाईची बालदी अर्ध्याच्या पुढे का सरकत नाही, हे त्यांना उलगडेना.

एका रविवारी त्या दुपारच्या न सांगता घरी आल्या. जेवणवेळ होती, पाहुणी म्हणून त्यांना यांच्या आणि मुलीच्या पंगतीला बसवलं. बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाचं कालवण, होतं. मी सगळ्यांना वाढलं, सासूबाईंना त्यांच्या खाटेवर ताट नेऊन दिलं, आणि मागाहून भांडं पुढ्यात ओढून जेवायला बसले. बाई हात धुऊन परत आल्या आणि माझ्या ताटाकडे पाहत उभ्या राहिल्या. काय जेवतेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, मासे.

"ह्या हुमण झाला," बाई म्हणाल्या. "मासो खंय गेलो?"

मी ताटात पाहिलं. भातावर लाल हुमण होतं, कडेला एक शेपटी होती. मी खोटं बोलले नव्हते. लग्न झाल्यापासून मी असंच जेवत आले आणि मासे जेवले असंच म्हणत आले. तुकड्या सगळ्यांना पुरवता पुरवता संपतात, त्यात कुणाचा दोष आहे असंही कधी वाटलं नाही. यांनी मान खाली घातली. मुलगी भांड्यात डोकावली, जणू तिथे अजून एखादी तुकडी सापडेल.

बोलल्या त्या सासूबाई, आतून, खाटेवरून. "माका उचलूची आसात, तर हिका आदी जेवूक वाढा."

त्या स्वतः जन्मभर माझ्यासारख्याच शेवटी जेवल्या होत्या. माझे डोळे भरून आले, आणि ते नक्की कशासाठी, हे तेव्हाही कळलं नाही.

त्या दिवसापासून घरात आधी माझी तुकडी बाजूला काढतात. हे स्वतः काढतात, कधी कधी डोक्याकडची, कारण कुठली चांगली हे त्यांना अजून समजत नाही. बालदी मात्र पुढे सरकली. थंडीच्या तोंडावर सासूबाई खाटेजवळ पुन्हा घसरल्या. मी गुडघे वाकवले, त्यांना अंगाशी घेतलं, श्वास सोडला आणि उभी राहिले. त्या खाटेवर बसल्या, लुगडं सारखं केलं आणि म्हणाल्या, चहा ठेव. मी चुलीपाशी जाऊन रडले.

आता शेवटचा गोंधळ. दर शनिवारी बाई व्यायामशाळेत आम्हां सगळ्यांसाठी चणे उकडून आणतात, वाटीवाटीने वाटतात. परवा माझं लक्ष गेलं. बाईंची पाळी आली तेव्हा टोपात फक्त पाणी उरलं होतं, आणि तेच त्या मीठ घालून प्यायल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, चणे खाल्ले की मी. त्या खोटं बोलत नव्हत्या, हे माझ्याइतकं कुणाला कळणार.

म्हणून देवाकडे बाईंसाठी उदंड आणि निरोगी आयुष्य मागते, आणि समितीकडे एक गोष्ट. सत्काराच्या जेवणात वाढायची जबाबदारी बाईंकडे देऊ नये. त्यांना पहिल्या पंगतीत बसवावं. सासूबाईंना मी उचलून गाडीत घालून आणणार आहे. त्या बाईंच्या शेजारी बसतील आणि मासो खंय गेलो, ते बघतील.