त्याने परवानगी मागितली होती

मी बटालियनचा रेडिओ ऑपरेटर होतो. सीमेवरच्या एका डोंगराच्या पायथ्याशी आमचं मुख्यालय होतं. वरच्या पोस्टवर रेडिओ सांभाळायचा नायक सिद्धार्थ, जबलपूरच्या आमच्या कांचघर मोहल्ल्यातलाच. सकाळी सेट तपासताना तो आधी चहा झाला का विचारायचा, मग सिग्नलचं बोलायचा. नियमाने चूकच, पण मी कधी टोकलं नाही.

एक नियम मात्र कोणी मोडत नसे. आदेश मिळाला की घेणाऱ्याने तो आपल्या तोंडाने परत म्हणायचा. म्हणजे देणाऱ्याला कळतं, नीट पोचला.

त्या दिवशी दुपारपासून पोस्टवर तोफगोळे पडत होते. संध्याकाळी सिद्धार्थ बोलला, "चार घायल हैं. गोलियाँ खत्म हो रही हैं. नीचे आने की इजाज़त चाहिए. ओव्हर."

आमचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, यांनी वरिष्ठांना फोन लावला. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले, "टीव्ही पर ऐलान हो चुका है कि पहाड़ी हमारी है. बोल दो, पोस्ट नहीं छोड़नी है."

मी तसं सांगितलं.

"पोस्ट नहीं छोड़ेंगे. ओव्हर." सिद्धार्थने आदेश परत म्हटला. त्यानंतर सेटवर नुसती खरखर राहिली.

यंदा त्या लढाईवर डॉक्युमेंटरी आली. फिल्मवाले माझ्याकडेही येऊन गेले होते. पोहे खाल्ले, सगळं ऐकून घेतलं, आणि मी गाढवासारखा खूश. पडद्यावर माझं एकच वाक्य राहिलं: "सिद्धार्थ म्हणाला, पोस्ट नहीं छोड़ेंगे." मागे बासरी. लगेच टीव्हीवर ती घोषणा करणारे नेते, आता थकलेले, बागेत बसलेले. डोळे पुसत म्हणाले, "लड़के खुद नहीं लौटना चाहते थे. मैं कौन होता था रोकने वाला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सिद्धार्थची आई, कमलमावशी, घरी आली. दारातच उभी राहिली.

"खरं सांग बाबू. त्याला यायचंच नव्हतं काय? तूच तर म्हणून राहिला होता फिल्मीत."

"नाही मावशी. तो आदेश होता. आम्हाला परत म्हणावा लागतो."

"मग तसं काहून दाखवलं?"

"अर्धंच ठेवलं त्यांनी. त्याआधी त्यानं खाली यायची परवानगी मागितली होती."

मावशी उंबरठ्यावर मटकन बसली. किती तरी वेळ रडली. मलाही आवरलं नाही.

"म्हणजे माझं लेकरू घरी यायला पाहून राहिलं होतं," ती म्हणाली. "चलो. आता हे सगळ्यांना सांग."

म्हणून लिहिलं. नायक सिद्धार्थ आपल्या पोस्टवर धारातीर्थी पडला. त्याच्याबरोबरचे ते चार जखमीही गेले. त्यांनी खाली यायची परवानगी मागितली होती. ती त्यांना मिळाली नाही.