मुक्याकडचं सणाचं जेवण

सोफे आणि खुर्च्या भरून देणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे मुक्या म्हणत. तो मुका नव्हता. पण त्याच्या धंद्यात कापड ठोकायच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ओठांत धरायच्या आणि एकेक जिभेने पुढे सारायच्या. दिवसभर तोंड भरलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकाला उत्तर ‘हं’ किंवा ‘अंहं’. काम शिकवताना वडील म्हणायचे, “चुका तोंडात धराव्यात, पोटात घालू नयेत.” वडिलांनी आयुष्यात केलेला तो एकच विनोद.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या. लग्न राहून गेलं ते गेलंच. वडील लवकर गेले आणि मग घरात तो आणि आई, दोघंच. उन्हाळ्यात आई गेली. त्याने सगळं रीतसर उरकलं, आल्यागेल्याला पाणी दिलं, आणि लगेच दुकान उघडलं. शेजारची बाई म्हणाली, “काळीज आहे का काय आहे!” त्यालाही तेच कळत नव्हतं. नळाला पाणी येण्याची वाट पाहावी तशी तो रडू येण्याची वाट पाहत होता. येत नव्हतं. जेवण घशाखाली उतरत होतं, पण चव लागत नव्हती. झोप लागत होती, पण उठल्यावर ताजं वाटत नव्हतं.

सणाला सगळे आईकडे जेवायला जमायचे. सणाच्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. “यंदा कुठे जमायचं रे दादा?”

“इकडेच या,” तो म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“तू करणार स्वयंपाक?”

“हं.”

आतल्या खोलीत आईचा पलंग होता तसाच होता. तो हलल्याशिवाय टेबल मावणार नव्हतं. त्याने पान्याने नट सोडवले, पलंगाच्या फळ्या भिंतीला उभ्या केल्या आणि कापड कापायचं मोठं टेबल आत आणून त्यावर धुतलेली चादर घातली. काम करावं तसं केलं. खुर्च्या मात्र घरात दोनच. दुकानात दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या सहा खुर्च्या नुकत्याच भरून तयार होत्या, फिकट करड्या कापडाच्या. त्यातल्या चार त्याने आत घेतल्या.

सणाच्या दिवशी दुपारी बहीण आली, मेहुणे आले, भाची आली आणि परगावाहून मावशी आली, आईची धाकटी बहीण. कोंबडी थोडी लागली होती, भात मोकळा व्हायचा तो चिकट झाला होता. मेहुण्यांनी खुर्चीवर हात फिरवला. “वा, दादा! नवीन घेतल्या वाटतं?”

“डॉक्टरीणबाईंच्या आहेत.”

“म्हणजे जेवल्यावर दातही बघणार का?”

भाची खुदकन हसली. मावशी मात्र उभीच होती. “पलंग कुठाय रे?”

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. बहिणीचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

“मला एक शब्द विचारायचास तरी. तीन महिने झाले नाहीत अजून, दादा. तुला काही वाटतं की नाही?”

“वाटत असेल,” तो म्हणाला. “मला अजून पत्ता लागलेला नाही.”

तो टोमणा नव्हता, पण तिला तसाच लागला. ती ताट सरकवून उठायला गेली, मेहुणे तिला बसवायला म्हणून हात पुढे करायला गेले, आणि रश्श्याचं भांडं कलंडलं. चादरीवरून ओघळ थेट रिकाम्या खुर्चीवर. करड्या कापडावर तेलकट लाल डाग पसरत गेला.

“मेलो!” मेहुणे म्हणाले.

मुक्याने खुर्ची उचलून दुकानात नेली, उलटी केली आणि चिमट्याने चुका उपटायला लागला. स्पंजापर्यंत तेल जायच्या आत कापड सुटायला हवं होतं. थोड्या वेळाने समोर कुणीतरी बसलं. बहीण होती. लहानपणी वडिलांपाशी दोघं हेच काम करायची, ती एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने. तिने खणातून दुसरा चिमटा काढला. हात अजून विसरला नव्हता.

“शेवटी काही बोलली का रे आई?” तिने मान वर न करता विचारलं.

“पाणी मागितलं. मी आणेपर्यंत झोपली होती. मला वाटलं, झोपलीये. मी पेला झाकून ठेवला.”

बहिणीचा हात थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकावरून कापडावर पडलं. ते तो बघत राहिला. आपल्या वाटचंही हीच रडतेय असं त्याला वाटलं, आणि त्याबद्दल वाईट वाटलं नाही, बरंही नाही.

“हे सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही.”

तिने बाहीने नाक पुसलं. “मी विचारायला हवं होतं,” ती म्हणाली आणि पुढची चूक उपटली. कापड सुटलं. स्पंज कोरा होता.

मावशीने तोवर सगळं पुन्हा गरम केलं होतं. ते जेवले. मेहुणे भीतभीत, ताट मांडीवर घट्ट धरून. भात चिकट होता तो होताच, पण भाचीने दुसऱ्यांदा घेतला आणि मग मुक्यानेही घेतला. मीठ कमी पडलंय, हे त्याला कळलं.

जेवण झाल्यावर मावशी म्हणाली, “माझी कंबर मोडलीये प्रवासाने. मी आडवी कुठे होऊ? टेबलावर?”

मग टेबल बाहेर गेलं. मेहुण्यांनी फळ्या धरल्या, त्याने नट आवळले आणि बहिणीने गादी झटकून घातली. मावशी आडवी झाली नाही तोच घोरायला लागली, आईसारखीच, मधेच श्वास अडकवत. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. “ठेव इथेच पलंग,” ती हळूच म्हणाली. तो “हं” म्हणाला.

सगळे गेल्यावर, मावशी आत झोपलेली असताना, तो दुकानात बसला. खुर्चीला नवं कापड ताणून लावायचं होतं. हातोडी उचलली, पण आत मावशी जागी होईल म्हणून खाली ठेवली, आणि तो कापडाच्या कडा नुसत्या मोजून दुमडत बसला.