बासष्टावी काठी

माझी वहिनी गुनवोर आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली आणि एकतीस हिवाळे आमच्या डोंगरात, बर्फात वाट दाखवायला, काठ्या रोवत आली. माझा भाऊ एलिफ, म्हणजे तिचा नवरा, कधीतरी या डोंगरातच मरणार असं सगळा गाव म्हणायचा. तो मेला घरी, बिछान्यात, पेपर वाचता वाचता. त्यानंतर वहिनीच्या जोडीला मी आलो. हौसेनं आलो म्हणावं तर तसं नाही. तिनं फोन करून सांगितलं, "आस्गेयर, शनिवारी सात वाजता. साडेसात नव्हे."

ईस्टरच्या सुट्टीत शहरातली माणसं स्की घेऊन येतात. रस्ता संपतो तिथून वरच्या मुक्कामाच्या डोंगरघरापर्यंत दिवसभराची चाल आहे. धुकं उतरलं की वर-खाली सगळं सारखंच पांढरं होतं आणि माणूस एका काठीवरून पुढच्या काठीकडे जातो. एकतीस वर्षांपूर्वी वहिनीला घेऊन एलिफ असाच निघाला होता. तेव्हा काठ्या रोवणारा माणूस आळशी होता, ऐसपैस अंतर सोडायचा. दोघं दोन काठ्यांच्या मधे पाच तास बसून राहिली. खाली आल्यावर ती तडक त्या माणसाच्या घरी गेली, त्याला चार शब्द सुनावले आणि त्याचं काम काढून घेतलं. तेव्हापासून पंधरा पावलांना एक काठी, टोकाला लाल फीत. एका काठीपाशी उभं राहून पुढची दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर मला परत पाठवायची.

त्या वर्षी मंगळवारी आमचं काम संपलं. शनिवारी पहिली माणसं येणार होती. बुधवारी रात्रभर पश्चिमेचा वारा घोंघावत होता, म्हणून गुरुवारी आम्ही बघायला वर गेलो. वाटेत गाइत्रिगचा उतार लागतो. त्याच्या पायथ्याला एक मोठा धोंडा आहे, आणि धोंड्यापासून ओढ्यापर्यंत आमच्या बासष्ट काठ्या उताराखालून जात होत्या. वाऱ्यानं पलीकडचा सगळा बर्फ उचलून त्या उतारावर आणून थापला होता. वहिनीनं कडेला खड्डा खणला. वर हातभर कडक थर, खाली साखरेसारखा सुटा बर्फ. तिनं फावड्यानं हलकेच दाबलं तर वरचा ठोकळा सरकून तिच्या मांडीवरच आला. म्हणजे माणसाच्या वजनानंही सगळा उतार घसरून खाली आला असता.

"काढायच्या," ती म्हणाली. "तळ्यापलीकडून नवी वाट घालायची."

"वहिनी, एकतीस वर्षांत इथून ढेकूळसुद्धा खाली आलेलं नाही."

"तुझ्या भावालाही त्रेसष्ट वर्षांत काही झालं नव्हतं."

मी म्हटलं, मग धोंड्यापाशी धोक्याची फळी लावू. तर म्हणे, "फळी कोण वाचतं? धुक्यात काठी दिसली की पाय तिकडेच वळतात."

डोंगरघर चालवते तिची मुलगी, सोल्वी. तिला फोन केला तर ती भडकली. "आई, तळ्याकडून दीड तास जास्त लागतो. अर्धे लोक वाटेतून परत जातील. एवढं सामान भरून ठेवलंय, ते काय रेनडियरना घालू?"

"घाल. त्यांनाही सण असतो," वहिनी म्हणाली. सोल्वीनं फोन आपटला.

पेट्रोलपंपावर गावातला हालस्टाइन भेटला. या माणसाला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय घास गिळवत नाही. "काय गुनवोर, पेरलेलं उपटायला निघालीस म्हणे? मी चाळीस वर्षं त्या वाटेनं जातोय. म्हातारपणी भीती वाटायची, चालायचंच!"

"तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहेस," एवढंच म्हणून तिनं टाकी भरून घेतली.

शुक्रवारी पहाटे कडक थंडीत आम्ही धोंड्यापाशी पोचलो. दोघांनी एकदम उताराखाली जायचं नाही, हा तिचा नियम. ती काठ्या उपटणार, मी समोरच्या टेकाडावर फावडं आणि लांब सळई घेऊन उभा राहणार. ती गाडली गेलीच, तर तिच्या छातीवरच्या बीकनचा, म्हणजे ठिकाण सांगणाऱ्या यंत्राचा, आवाज माझ्या बीकनवर ऐकून, सळईनं टोचून बघत मी खणायचं. ती गेली, वीस-वीसचे भारे बांधून आणत राहिली. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मी टेकाडावर नुसता उभा होतो आणि घामानं भिजलो होतो.

शेवटी मोजल्या. एकसष्ट भरल्या. पुन्हा मोजल्या, एकसष्टच.

"वाऱ्यानं उडाली असेल. चल आता," मी म्हणालो.

"आडवी पडून झाकली गेली असेल. वारा आला की उघडी पडेल." ती काठ्यांची भोकं आठवत धोंड्याकडे बघत होती. "धोंड्यापासून पाचवी. तिथलं भोक मला दिसलं नाही."

"अगं एका काठीनं काय होणार आहे?"

"एक दिसली की माणूस पुढची शोधायला जातो." तिनं वर पाहिलं. "उतारावर ऊन यायला वीस मिनिटं आहेत. ऊन आलं की बर्फ सैल होतो, तेव्हा शिट्टी मार. असेन तिथून परत फिरेन."

मी जातो म्हणालो, ओरडलोसुद्धा. "तुला जागा सापडायची नाही," म्हणून ती गेली.

ती चौथ्या भोकापाशी पोचली आणि उतार बोलला. धप्प. तो आतला थर खचल्याचा आवाज कानाला नाही, पोटात कळतो. तिच्या वरच्या बाजूनं एक बारीक भेग सर्रकन आडवी धावत गेली आणि थांबली. शिट्टी माझ्या तोंडात होती, पण फुंकायला श्वास नव्हता. वहिनी खांबासारखी उभी राहिली. मला वाटलं, आता फिरेल. ती दबकत पंधरा पावलं पुढे गेली, वाकली आणि हातानं बर्फ उकरू लागली. मग लाल फीत दिसली.

ती परत आली तेव्हा बासष्टावी काठी तिच्या काखेत होती. माझ्या तोंडाला येईल ते मी तिला बोललो, आईबापही सोडले नाहीत. तिनं ऐकून घेतलं, थर्मासमधली कॉफी प्यायली, आणि आम्ही तळ्याकडे निघालो. गावच्या कोठारातल्या काठ्या धरून दोनशे चाळीस, अंधार पडेपर्यंत रोवल्या.

उतार काही सुटला नाही. आठवडाभर तसाच होता. रात्रीच्या नव्या बर्फानं भेगही झाकली, त्यामुळे दाखवायलाही काही उरलं नाही. गाव हसलं. खोटं कशाला बोलू, तो उतार कोसळावा असं मला मनापासून वाटत होतं. वहिनीला तसं एकदाही वाटलं नाही. आम्ही मदतीला डोंगरघरात होतो, पण सोल्वी आईशी कामापुरतंच बोलत होती.

पुढच्या शुक्रवारी, गुड फ्रायडेला, दाट धुकं पडलं. संध्याकाळी दार ढकलून हालस्टाइन आत आला, मागे त्याच्या दोन नाती, पापण्यांवर बर्फ गोठलेला. त्यानं हातमोजे बाकावर आपटले.

"काय मूर्खपणा लावलाय हा! धोंड्यापाशी या पोरींना घेऊन अर्धा तास जुनी वाट शोधली. पन्नास पावलं आत जाऊन आलो. एक जरी काठी दिसली असती ना, सरळ निघालो असतो. तीन वाजता इथे जेवत असतो!"

सोल्वीच्या हातातला सुपाचा डाव थांबला. तिनं आधी पोरींकडे आणि मग आईकडे पाहिलं.

"एकही नाही दिसली?" वहिनीनं विचारलं.

"एकही नाही! बाई, एखादी तरी सोडायचीस!"

वहिनी मटकन बाकावर बसली आणि सगळ्यांसमोर रडू लागली. एलिफ गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. हालस्टाइन गांगरला. "अगं, मी आपलं सहज बोललो..." सोल्वी डाव तसाच हातात घेऊन आईजवळ येऊन बसली. वहिनीनं डोळे पुसले, धाकट्या पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या बुटाच्या ओल्या नाड्या सोडायला घेतल्या.

"पाय दाखव बघू," ती म्हणाली. "बोटं हलतात का?"