गाळी डॉक्टर

अप्पांबद्दल लिहा, असं मुलगा कितीदा म्हणाला. दर वेळी मी डोळ्यांचं निमित्त सांगितलं. खरं कारण असं, की अप्पांच्या गमती सांगायला लागलं की त्या दुपारपर्यंत यावंच लागतं.

अप्पा ऑपरेशनच्या खोलीत शिरले की पेशंटकडे नंतर बघत. आधी पिंजलेल्या कापसाची चिमूट हवेत सोडत. ती तिरकी गेली, की कुठली तरी फट उघडी आहे. ती बुजेपर्यंत क्लोरोफॉर्मच्या बाटलीचं बूच निघायचं नाही. हुबळीत त्यांना सगळे गाळी डॉक्टर म्हणत. कानडीत गाळी म्हणजे वारा. जुन्या हुबळीतल्या माझ्या दवाखान्यात क्लोरोफॉर्म द्यायला तेच येत.

पेशंटच्या नाकावर फडकं धरून त्यावर थेंब टाकायचे, अशी तेव्हाची रीत. अप्पा मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. सांगत, "तम्मा, फडक्याला वारा लागला की औषध भराभर उडतं, आणि उडालेलं वाराच घेऊन जातो. पेशंटला काय? नुसतं फडकं!" आणि स्वतःच आधी हसत. कुणी घाबरून देवाचं नाव घेऊ का विचारलं, तर म्हणत, "घे की. लांबलचक घे, मला श्वास बघायला बरं."

लढाईच्या आधीचा उन्हाळा. दाजीबानपेठेतल्या एका हमालाचा हर्निया. घाम जखमेत पडेल म्हणून मी मध्येच कंपाउंडरला अप्पांच्या मागची खिडकी उघडायला लावली.

"किटकी मुच्चो! लाव ती आधी!" अप्पा ओरडले.

"असू द्या हो अप्पा. शिजतोय मी इथं."

"तू शीज. हा जागा झाला म्हणजे?"

हमालाचा पाय हललाच. "दवाखाना तुझा," अप्पा पुटपुटले, आणि त्यांनी थेंब दुप्पट केले. तो निपचित झाला.

मग धुळीची वावटळ उठली. मी मानेनं खूण केली, कंपाउंडरनं खिडकी लोटली. अप्पा वाकून श्वास ऐकत होते. त्यांना मी सांगितलं नाही. हातातला टाका सोडवेना. थेंब तसेच दुपटीनं पडत राहिले, आणि आता वाफ उडवून न्यायला वारा नव्हता.

"श्वास!" अप्पांनी फडकं भिरकावलं.

आम्ही छाती दाबली, दंड वरखाली केले. तो परतला नाही. अप्पांनी वळून बंद खिडकी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

बाहेर त्याची बायको होती. "एनात्री, डॉक्टर?" काय झालं, एवढंच तिनं विचारलं.

"क्लोरोफॉर्म जास्त झालं," मी म्हणालो. अप्पा माझ्या मागेच उभे होते.

गाळी डॉक्टरांचा हात जड, अशी पेठेत बोलवा झाली. त्यांना कुणी बोलावेना. मीही नाही. ते धारवाडला गेले आणि खोकल्यातापाची औषधं देत राहिले.

अप्पा वारले त्याच्या आदल्या वर्षी मी धारवाडला गेलो. खिडकी मी लावायला सांगितली, तुम्हाला कळवलं नाही, हे वाक्य गाडीभर घोकलं होतं.

"ये तम्मा. जेवलास?" अप्पा खाटेवरूनच म्हणाले.

मी खुर्ची ओढली.

"काय रे? बोल की." ते वाट बघत राहिले.

मी उठलो, वाकून त्यांच्या पाया पडलो. "सुखी राहा," ते म्हणाले. मी तेवढं घेऊन परतलो.